बादलीवरची रेघ

माझ्या सासऱ्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांकडे पाणी कुठे मुरतंय ते शोधण्यात गेलं. हा टोमणा नाही, ती त्यांची नोकरीच होती. जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधायला पाणीखात्यात एक माणूस असतो. त्याच्या हातात कमरेपेक्षा उंच लोखंडी सळई असते. तिचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि पायाखाली पाणी कुठे फुसफुसतंय ते ऐकायचं. बत्तीस वर्षं त्यांनी हे केलं. खात्यात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे, सगळे 'कान' म्हणायचे. 'उद्या कानाला पाठवा' म्हटलं की तक्रारदार निश्चिंत व्हायचा.

असा माणूस घरात स्वस्थ बसत नाही. गॅसचं बटण तीनदा बघणार, कुलूप लावून दोनदा ओढणार. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "तुमच्या बाथरूमचा नळ मिनिटाला चार थेंब सोडतो." मला वाटलं होतं, नव्या सुनेशी काहीतरी गोड बोलतील. पण हळूहळू कळलं, की या माणसाची माया अशीच येते, वायसर बदलण्याच्या रूपाने.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात तळं बांधलं. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, सिमेंटचं, आत उतरायला दोन पायऱ्या. त्यात सोनेरी मासे, तीन जागी कुमुदं आणि पाणी खेळतं ठेवायला छोटा पंप. सासूबाईंनी ते पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांच्या दारातलं डबकं बुजवलंत, आता स्वतःच्या दारात खणलंत!" तेव्हापासून अकरा वर्षं त्या तळ्याचं नाव आईंच्या तोंडी डबकंच होतं.

अंगणाची दुसरी बाजू आईंची. हिरव्या जाळीखाली साठेक कुंड्या, आणि त्यात एकही फुलझाड नाही. भोकंभोकं पडलेल्या मोठ्या पानांचा मॉन्स्टेरा, गुलाबी शिरांचं कॅलेडियम, रंगीबेरंगी क्रोटन, काठीला धरून वर चढणारे फिलोडेंड्रॉन. "फूल म्हणजे चार दिवसांचा पाहुणा," आई म्हणायच्या, "पान म्हणजे घरचं माणूस." रोज ओल्या फडक्याने एकेक पान पुसायच्या. दोन वर्षांपासून ही झाडं अशी काही फोफावली होती, की घरी येणारे-जाणारे थांबून विचारायचे. आई म्हणायच्या, "हाताचा गुण असतो एकेकाच्या." आणि तळ्याकडे एक तिरपा कटाक्ष टाकून वर म्हणायच्या, "त्या डबक्याचा एक थेंब माझ्या कुंडीत पडायला नको."

या उन्हाळ्यात तळं उतरायला लागलं.

बाबा रोज संध्याकाळी पाच वाजता स्टीलची पट्टी लावून पाण्याची पातळी बघत आणि वहीत लिहीत. ऊन वाढलं तसं पाणी उडणार हे त्यांना ठाऊक होतं. पण रोज दोन सेंटिमीटर? त्यांनी माळ्यावरची सळई काढली, तळ्याच्या भिंतीला लावली, कान देऊन तास तास बसले. काहीच ऐकू येईना. आधी म्हणाले, "गळती बारीक असेल." मग म्हणाले, "माझा कान गेला असेल." एका रविवारी त्यांनी मला अंगणात बोलावलं. पाण्याने भरलेली एक निळी बादली तळ्याच्या वरच्या पायरीवर ठेवली होती आणि तिच्या आतून, बरोबर पाण्याच्या पातळीला, एक पांढरी रेघ मारली होती.

"हे बघ," ते म्हणाले, "ऊन दोघांनाही सारखंच. बादली आणि तळं सारखं उतरलं तर पाणी उन्हाने जातंय. तळं जास्त उतरलं तर गळती आहे. आईला सांगू नकोस हं, हसेल."

मी नाही सांगितलं. माझी पहिली चूक ती.

सोमवारी तळं दोन सेंटिमीटर उतरलं, बादली जिथल्या तिथे. मंगळवारी तेच. बाबांच्या कपाळाला आठी पडली. गळती असली तरी बादली थोडी उतरायला हवी होती, ऊन काय बादलीला घाबरतं? मंगळवारी संध्याकाळी आईंना बहिणीकडे जायचं होतं. मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. माझा नवरा कामासाठी महिनाभर बाहेरगावी, म्हणून बाबाच आईंची पिशवी घेऊन बसपर्यंत गेले आणि खिडकीची जागा मिळाली का ते बघून परत आले. बुधवारी घरात आम्ही दोघंच होतो.

बुधवारी पाच वाजता ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पट्टी होती.

"तू बादलीत पाणी घातलंस?"

"नाही, बाबा. मी तिकडे गेलेच नाही."

"तळं आज अर्धाच सेंटिमीटर उतरलंय. आणि बादली चढलीय. रेघेच्या वर बोटभर."

आभाळ तर कोरडं ठणठणीत होतं. मी हसून म्हणाले, "शेजारच्यांनी घातलं असेल." पण अंगणाचं मागचं दार आतून बंद होतं आणि भिंत माणूसभर उंच. हे मला कळायच्या आत त्यांना कळलं होतं. ते स्टुलावर बसले.

"म्हणजे मीच घातलं," ते म्हणाले. "मी घातलं आणि मला आठवत नाही."

मला त्यांच्या मोठ्या भावाची गोष्ट माहीत होती. गणिताचे शिक्षक, अख्खा पाढा उलटा म्हणणारे. त्यांचं घड्याळापासून सुरू झालं. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत, दहा मिनिटांनी पुन्हा देत. घरचे हसायचे. एक दिवस स्प्रिंग तुटली. दोन वर्षांनी बाबा भेटायला गेले तेव्हा त्यांनी दार उघडून विचारलं होतं, "कोणाकडे आलात आपण?"

"दादाचं असंच सुरू झालं," बाबा म्हणाले. "कुणाला सांगू नकोस. आईला तर नाहीच."

पुन्हा तेच! या घरात मी सून आहे की कुलूप, मला कळेना. पण त्यांचा चेहरा बघून मी हो म्हटलं. संध्याकाळी त्यांनी मला सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारायला लावलं आणि परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं दिली. सगळी बरोबर आली. तरी गुरुवारी त्यांनी डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली, आणि शेजारच्या फोटोग्राफरला विचारून आले, मासे नेता का म्हणून. मी रागावले तर म्हणाले, "मी खायला घालायचं विसरलो तर? मुक्या जिवांना का शिक्षा?" आई गुरुवारी दुपारी परत आल्या. त्यांच्यासमोर बाबा इतके हसून खेळून बोलत होते, की मला बघवेना.

मी एका दंतवैद्याकडे रुग्णांच्या वेळा लावते. शुक्रवारी डॉक्टरांनाच ताप आला आणि मी दोन वाजता घरी आले. बाबा आत झोपले होते. मागच्या खिडकीतून सहज बघितलं आणि जागच्या जागी उभी राहिले.

आई तळ्यापाशी होत्या. त्यांनी पायरीवरची निळी बादली उचलली, जाळीखाली नेली, कुंड्यांना घातली. परत आल्या, बादली तळ्यात बुडवली, पुन्हा नेली. असं तीनदा. शेवटची भरून आणली ती पायरीवर ठेवली, खाली वाकून रेघ बघितली, एक तांब्या पाणी काढून टाकलं आणि रेघेशी बरोबर जमवलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला आधी हसू फुटलं आणि मग इतका संताप आला, की चप्पल न घालताच मी बाहेर गेले.

"आई, हे काय?"

त्या दचकल्या. मग हनुवटी वर करून म्हणाल्या, "काय म्हणजे? पाणी घालतेय."

"डबक्यातलं?"

"हळू बोल." त्यांनी आत नजर टाकली. "दोन वर्षांपूर्वी नळाला दोन दिवस पाणी नव्हतं, तेव्हा नाइलाजाने घातलं होतं. आठ दिवसांत कॅलेडियमला हे एवढं पान आलं. माशांचं खत असतं ना त्यात. नळाच्या पाण्याने पानांच्या कडा करपतात. आता अकरा वर्षं नावं ठेवल्यावर त्यांना सांगू कशी? या उन्हाळ्यात कुंड्या वाढल्या म्हणून तीन बादल्या लागतात, एरवी एक पुरते."

"आणि ही बादली?"

"ही बरी आयती भरून ठेवलेली असते. रेघ होती, म्हणून रेघेपर्यंत भरून ठेवते. दुसऱ्याची वस्तू घेतली की होती तशी ठेवावी."

मी त्यांना सगळं सांगितलं. बादली कशासाठी होती, डॉक्टरांची वेळ, मासे, मोठ्या काकांचं घड्याळ. आई ऐकता ऐकता कुंड्यांच्या कट्ट्यावर बसल्या. हातातल्या तांब्यातून पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं, त्यांना भान नव्हतं.

"माझ्या तोऱ्यापायी," त्या म्हणाल्या. "माझ्या मेलीच्या तोऱ्यापायी."

चार वाजता बाबा चहा घेऊन अंगणात बसले होते. आई त्यांच्यासमोरून गेल्या, पायरीवरची बादली उचलली आणि मॉन्स्टेराच्या कुंडीत रिकामी केली. बाबांचा कप तोंडाशी तसाच राहिला.

"अगं, ती बादली…"

"रोज घेते," आई म्हणाल्या. पाठ अजून त्यांच्याकडेच होती. "दोन वर्षं हे पाणी घेतेय. हाताचा गुण वगैरे काही नाही, सगळा तुमच्या डबक्याचा आहे. आता काय म्हणायचं ते म्हणा."

बाबांनी कप खाली ठेवून विचारलं, "किती बादल्या?"

"तीन."

त्यांनी वही उघडली. पंधरा लिटरची बादली, तीन बादल्या, पंचेचाळीस लिटर. तळं तीन चौरस मीटर. पेन्सिल भराभर चालली. "दीड सेंटिमीटर," ते म्हणाले, "आणि अर्धा उन्हाचा. दोन. बरोबर दोन!" ते हसायला लागले. मग पेन्सिल पानावरच थांबली.

"पण बुधवारी? बुधवारी तळं अर्धाच उतरलं. आणि बादली रेघेच्या वर होती."

आईंनी बादली खाली ठेवली. "बुधवारी झाडांना पाणी द्यायचा कंटाळा आला," त्या म्हणाल्या. "नुसती बादली भरून ठेवली. घाईत जास्त झाली असेल."

"तूच?"

"मग आणखी कोण?"

बाबांनी चष्मा काढला आणि तळहाताने डोळे पुसले. "मला वाटलं, मी गेलो," ते म्हणाले. "दादासारखा." आईंनी त्यांच्या खांद्यावर ओला हात ठेवला, आणि बाबा चक्क रडले, माझ्यासमोर, लहान मुलासारखे हुंदके देत. मग उठून फोटोग्राफरकडे गेले, मासे देत नाही म्हणून सांगायला. येताना डॉक्टरांची वेळही रद्द करून आले.

मी कप विसळत होते. नळ सुरूच होता आणि कप केव्हाच स्वच्छ झाला होता. बुधवारी आई घरात नव्हत्या. त्या मावशींच्या उशाशी बसल्या होत्या, डोळ्यात औषध घालत. हे मला आठवत होतं. आईंना आठवत होतं. ज्यांनी त्यांची पिशवी उचलून बसमध्ये ठेवली, त्यांना आठवलं नाही.

आई मागे येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "आई, बुधवारी…"

"माहीत आहे मला."

"मग डॉक्टरांची वेळ…"

"आज किती दिवसांनी हसलेत बघ," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस जाऊ देत. एकदा घातलं असेल पाणी. एकदा काय, कुणीही विसरतं."

मला ते पटलं नाही. पण मीही गप्प बसले, कारण मलाही ते खरं असावं असंच वाटत होतं.

आता आई उघडपणे तळ्यातून पाणी घेतात, वेगळ्या बादलीने. बाबा खुशीत त्यांना कुठल्या कोपऱ्यात माशांचं खत जास्त ते दाखवतात. निळी बादली मात्र पायरीवरच आहे. "राहू देत, ऊन किती पाणी नेतं ते कळतं," असं आईंनीच सांगितलं. बाबांना वाटलं, बायकोला शेवटी मोजमापाची गोडी लागली. रोज पाचला पट्टी लावून ते जातात, की आई वाकतात आणि कुंड्यांवर खुणा करायच्या पेनाने आतून एक बारीक टिंब काढतात. पांढऱ्या रेघेखाली टिंबांची एक सरळ ओळ खाली उतरत चालली होती. दर टिंबाला आईंचा श्वास मोकळा व्हायचा, आणि माझाही.

काल बाबा हात धुऊन पट्टी आणायला आत गेले. आई वाकल्या, आणि उठल्याच नाहीत. मी जवळ जाऊन बघितलं. टिंबांची सगळी ओळ पाण्याखाली होती. पांढरी रेघसुद्धा.

आईंनी ओंजळ बुडवली. एक, दोन, भराभर, जेवढं वर आलं होतं तेवढं पाणी त्या तळ्यात टाकत राहिल्या, शेवटचं टिंब दिसेपर्यंत. मागे बाबांच्या चपला वाजल्या तशा त्या बाजूला सरकल्या.

बाबांनी पट्टी लावली, वहीत आकडा लिहिला. "बघ," मला म्हणाले, "आता कसं सगळं बरोबर येतंय."

"हो, बाबा," मी म्हणाले.

ते वही घेऊन आत गेले. आई ओले हात तसेच धरून पाण्याकडे बघत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारची वेळ घेऊन ठेव."