सकाळची भवानी

यजमान गेल्यापासून मी सकाळी दुकानांत जायचं टाळत असे. विधवेच्या हातची भवानी नको, हे दुकानदारांच्या चेहऱ्यावर दिसायचं. त्या दिवशीही संगमनेरच्या कापड दुकानात अजून एकही गिऱ्हाईक नाही असं पाहून मी पायरीवरूनच वळले.

कॉमर्स कॉलेजातून दुकानदारी शिकायला आलेली एक मुलगी ओढणी कमरेला खोचून पुढे आली. "या काकू, भवानी तुमच्याच हातची."

"कॉलेजात हेच शिकवतात व्हय? उद्यापासून येऊ नको," शेठ तिच्यावर गुरगुरले.

"दारातलं गिऱ्हाईक माघारी लावायचं न्हाई, हे तुमीच शिकवलं काल."

शेठना हसू फुटलं. मी उशीच्या अभ्र्यांचं कापड घेतलं. तिनं माझी नोट कपाळाला लावली. कित्येक महिन्यांत माझा असा मान कुणी केला नव्हता.

"टाक, तूच टाक गल्ल्यात," शेठ तिला म्हणाले.