हलव्याला भोक नसतं

क्षिप्रा आठल्येबद्दल मी लिहावं इतकी आमची ओळख नव्हती. ठाण्याला, बाळकुमच्या आमच्या सोसायटीत ती साडेतीन वर्षं आमच्या समोरच्या दारी भाड्याने राहिली, पण तिच्या ऑफिसात नेमकं काय काम चालायचं ते मला आजही सांगता येणार नाही. ती एकटी का राहते, वडील कधी गेले, तिला खायला काय आवडतं, यातलं मी काहीच कधी विचारलं नाही. सुईत दोरा ओवताना ती डावा डोळा मिटायची, हे मला ठाऊक आहे. आणि तिला कुणाला 'नाही' म्हणता यायचं नाही, हे. पण ते मला फार उशिरा कळलं.

आपल्या इमारतीतल्या एखाद्या माणसावर दोन पानं लिहून द्या, असं सोसायटीच्या स्मरणिकेचं काम पाहणाऱ्या मेघनाने मला सांगितलं. मी सोसायटीच्या पहिल्या अध्यक्षांवर लिहीन अशी तिची समजूत असावी. मी एकतीस वर्षं डोंबिवलीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. आयुष्यभर रेघा ओढल्या, अक्षरं काय ती कागदाच्या कोपऱ्यातल्या चौकटीपुरती. हे जमलं नसेल तर तिने खुशाल छापू नये.

ओळख झाली ती एका फाटलेल्या पाकिटामुळे. कुरियरवाला तिचं पाकीट आमच्याकडे ठेवून गेला आणि मी ते उचलायला गेलो तर खालून उसवलं. काचेचे बारीक मणी, मोहरीपेक्षा जरासे मोठे, सगळ्या हॉलभर. सरोजने, म्हणजे माझ्या बायकोने, कपाळाला हात लावला. मी तीन दिवस चिमट्याने ते वेचले, रंगाप्रमाणे वेगळे केले आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये भरून, वर चिठ्ठ्या चिकटवून, चौथ्या दिवशी तिच्याकडे नेले. सतरा बाटल्या झाल्या होत्या.

तिने त्या ओळीने टेबलावर मांडल्या आणि वरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. मग म्हणाली, "काका, रागावू नका, पण मी मिक्सच मागवलेले."

मी चटकन उठलो. तिने मला बसवलं, चहा केला, आणि ती या मण्यांचं काय करते ते दाखवलं.

ती दागिने करायची. कानातली, पदकं, हातातल्या पट्ट्या. पण त्यावर मोर, कोयरी, कमळ असलं काही नसायचं. त्यावर व्हिडिओ गेममधली चित्रं असायची. लहानपणी कल्याणला ती आणि तिचा भाऊ टीव्हीला जोडून जे गेम खेळायचे, त्यांतली. एक गेम तिचा विशेष लाडका होता. त्यात हातात कंदील घेतलेली एक मुलगी रानातून चालत जाते आणि शेवटी डोंगरावरच्या दिव्यापाशी पोचून तो पेटवते. एवढंच. मला त्यात फार काही दिसलं नाही, आणि मी तसं म्हणालोही. ती हसली. म्हणाली की त्या काळी पडद्यावरचं चित्र मोठमोठ्या चौकोनांचं असायचं, त्यामुळे ते मोजता येतं. एक चौकोन म्हणजे एक मणी. हे मात्र मला लगेच समजलं. आलेखाचा कागद मी जन्मभर वापरला होता.

अशी मी तिला चित्रं काढून द्यायला लागलो. पहिलंच चित्र फसलं. मी कोल्हा काढून दिला आणि तिच्या छोट्या लाकडी मागावर विणल्यावर त्याचे पाय घोड्यासारखे लांब झाले. मणी चौकोनी नसतो, किंचित उभट असतो, हे तिने मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मग मी तिच्याकडून दहा मणी आणले, मोजपट्टीने मापले आणि त्या मापाचा वेगळा आलेख आखून दिला. त्यानंतर कोल्हा कोल्ह्यासारखा आला. निवृत्तीनंतर मला इतकं बरं कशानेच वाटलं नव्हतं.

नवी मुंबईत एका हॉलमध्ये दर जानेवारीत गेम खेळणाऱ्यांचा मेळा भरतो. हाताने वस्तू करणाऱ्यांना तिथे टेबलं मिळतात. क्षिप्राने दोनदा अर्ज केला होता, दोनदा नाकारला गेला होता. तिसऱ्या वेळी त्यांनी कळवलं की टेबल देऊ, पण काहीतरी मोठं, पाहणाऱ्याला थांबवील असं काम हवं, आणि त्याचा फोटो दहा जानेवारीपर्यंत यायला हवा. त्या दिवशी ती आपणहून आमच्या दारी आली. एरवी ती बेलसुद्धा अर्धवटच वाजवायची.

तिने ठरवलं ते असं: गळ्याचा एक रुंद पट्टा, आणि त्यावर कंदीलवाल्या मुलीची सगळी वाट, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. रान, विहीर, पूल, डोंगर, दिवा. चोवीस मणी रुंद आणि तीनशे दहा रांगा लांब. आलेख मी काढला, कागद जोडून जोडून. एकूण सात हजार चारशे चाळीस मणी. ऑफिसातून आल्यावर रोज सात रांगा विणल्या तर आठ तारखेला पुरा होणार होता. आम्ही नोव्हेंबरच्या पंचवीस तारखेला सुरुवात केली. 'आम्ही' म्हणतोय, पण विणत तीच होती.

डिसेंबरात सरोजने संक्रांतीचा विषय काढला. आमचा मुलगा सलिल डोंबिवलीला असतो, त्याच्या मुलीचं, सान्वीचं, बोरन्हाण करायचं होतं. हलव्याचे दागिने बाजारात मिळतात, पण सरोजला ते पुठ्ठ्याला चिकटवलेले आवडत नाहीत.

"अहो, समोर ती क्षिप्रा दिवसभर मणी ओवते. तिला काय अवघड आहे? तुमचं ऐकेल ती."

मी म्हटलं, तिचं दुसरं काम चाललंय. सरोज म्हणाली, ते गेमचं ना, ते काय पळून जातंय. मी विचारायला गेलो. मनात म्हणत होतो की ती नाही म्हणाली तर बरं. ती 'हो काका' म्हणाली.

हलव्याला भोक नसतं. मणी सुईवर चढतो, हलवा चढत नाही. एकेक काटेरी दाणा दोऱ्याच्या फासात अडकवून गाठ मारावी लागते, आणि बोटाला घाम असेल तर काटे विरघळतात. क्षिप्राने हे आधी कधीच केलं नव्हतं. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट यांत तिचे नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत पट्ट्याची एकही रांग झाली नाही. मी ते मोजत होतो, तिच्याजवळ बोललो नाही.

मुकुटावर मध्यभागी तिने रंगीत हलव्याची एक छोटी ज्योत बसवली होती. पाच पिवळे दाणे, तीन केशरी. त्या मुलीच्या कंदिलातली ज्योत. मी पाहताक्षणी ओळखली आणि मला फार आनंद झाला.

सरोज म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर जाळ कशाला? अशुभ दिसतं. पांढरं करून द्यायला सांगा."

मी म्हणू शकलो असतो की राहू दे. मी तो मुकुट हातात धरून परत समोरच्या दारी गेलो. क्षिप्राने ऐकून घेतलं, कात्री घेतली, आठ दाणे काढले आणि पांढरे बसवले. मी उभाच होतो. त्यातला एक केशरी दाणा तिने मला दिला आणि एक स्वतः तोंडात टाकला. "तिळावर केलाय वाटतं," म्हणाली, "बरा आहे."

इथवरही भागलं असतं. तिचं गणित आता अवघड झालं होतं, पण रोज दहा रांगा आणि शेवटच्या दोन दिवसांची सुट्टी धरली तर जेमतेम बसत होतं. पुढचं मी केलं.

मला त्या मुकुटाची टोचणी लागली होती. तिचं कुणीतरी कौतुक करायला हवं, असं मनाने घेतलं. मी सोसायटीच्या ग्रुपवर कधी लिहीत नाही. अठ्ठावीस डिसेंबरला सकाळी बसून, चष्मा पुसून पुसून, मी दागिन्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की आपल्या सी विंगमधील क्षिप्रा आठल्ये हलव्याचे दागिने अत्यंत सुबक करतात, गरजूंनी जरूर संपर्क साधावा. पट्ट्याबद्दलही एक ओळ लिहिली होती. ती लोकांना कळणार नाही असं वाटून खोडली.

चार विंग आहेत आमच्या. संध्याकाळपर्यंत करिश्मा नावाच्या नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण निघाला, मग बी विंगमधल्या जुळ्यांचं बोरन्हाण. हौसाबाई तर दुसऱ्या दिवशी सकाळी थेट आल्या. त्या इथल्या मूळच्या, जिथे आमच्या इमारती आहेत तिथे त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. क्षिप्राचं दार उघडं होतं, मी पेपर घ्यायला बाहेर आलो होतो, म्हणून ते बोलणं माझ्या कानावर पडलं. मागावरचा पट्टा त्यांनी बोटाने उचलून पाहिला.

"ह्ये काय गो?"

"गेममधलं चित्र आहे आजी. गळ्यात घालायचं."

"खेळातलं गल्यात घालून कोनाचं लगीन जमलंय? ठेव ते. माझे पंतूचं न्हान हाय, त्याला किसनासारखी बासरी पन पायजे. मी बाजारात जानार होते, पन त्र्यंबकरावांनी लिवलंय म्हनून तुझ्याकडं आले. त्यांचा शबूद हाय."

क्षिप्राने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर उलगडला.

एकूण अकरा जण आले आणि अकराही माझं नाव घेऊन आले. तिने कुणालाही परत पाठवलं नाही. पाठवलं असतं तर समोरच्या म्हाताऱ्याचा शब्द पडला असता, हे तिच्या मनात होतं की मुळातच तिला जमत नव्हतं, ते मी विचारायला हवं होतं. मी दुसरा निरोप लिहायला घेतला, की क्षिप्राताईंना सध्या वेळ नाही, कृपया काम सांगू नये. तो वाचून लोक तिला शिष्ट म्हणतील असं वाटलं. पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. दोन दिवस हेच चाललं होतं. मग मी मदत करायला गेलो. हलवा माझ्या बोटांना चिकटून नुसती साखर झाली. निदान पट्टा पुढे नेतो म्हटलं, तर माझ्या पाचव्या रांगेत एक मणी सुटला आणि मला ते माझ्या बाविसाव्या रांगेला दिसलं. तिने सतरा रांगा उसवल्या. तोंडाने म्हणत होती, असू दे काका, होतं.

दहा तारखेला पट्टा एकशे बावन्नाव्या रांगेवर होता. मुलगी विहिरीपाशी पोचली होती. पूल, डोंगर, दिवा, काहीच नव्हतं. मी तिला म्हटलं, आहे तेवढ्याचाच फोटो पाठव, समजून घेतील.

ती म्हणाली, "अर्ध्या गेमचा फोटो काय पाठवू, काका? दिवा पेटला नाही तर तो गेम हरलेला असतो."

तिने मेळावाल्यांना फोन करून टेबल सोडलं. माझ्यासमोरच केला. मराठीत बोलली, मग हिंदीत, दोनदा सॉरी म्हणाली. नंतर हात धुऊन आली आणि जुळ्यांच्या दुसऱ्या बाजूबंदाला बसली. मला तेव्हा संताप आला होता. सरोजचा, हौसाबाईंचा, त्या मेळावाल्यांचा, आणि खरं सांगायचं तर थोडा क्षिप्राचाही. इतकं काय माणसाने गप्प बसावं. मग लक्षात आलं की हे मी म्हणतोय.

सान्वीचं बोरन्हाण छान झालं. मुकुट पांढराशुभ्र होता. बोरं, चुरमुरे अंगावर पडल्यावर पोरगी रडली आणि मुकुट ओढून चाटायला लागली. सगळे हसले. सरोजने फोटो क्षिप्राला पाठवले आणि तिने त्यावर हृदयाचं चित्र टाकलं. आपण तिचं काही घेतलं असं सरोजला आजही वाटत नाही. उलट, बिचारीचं सोसायटीत नाव झालं, असं ती म्हणते. मी एकदा समजावून पाहिलं. "मग तिने सांगायचं होतं," असं म्हणून ती उठून गेली.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालली आणि तोवर तिचे हलव्याचे दाणेही चालले. फेब्रुवारीच्या शेवटी कळलं की ती घर सोडतेय. कल्याणला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, तिकडेच राहायचं म्हणाली. काम घरून करता येतं. पट्ट्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. मागावरून उतरवला की तसाच बांधून नेला, मला माहीत नाही. आलेख माझ्या खणात आहे. एकशे बावन्नाव्या रांगेखाली मी पेन्सिलने खूण केली होती, ती अजून आहे. तिचा नंबरही फोनमध्ये आहे. कल्याण काही फार लांब नाही.

ती गेली त्या दिवशी सामान सकाळीच टेम्पोने पुढे गेलं होतं. मी लिफ्टपाशी मुद्दाम उभा होतो. आदल्या दिवसापासून दोन वाक्यं मनात तयार केली होती, मी ग्रुपवर टाकलेल्या त्या निरोपाबद्दल. ती पाठीला सॅक लावून कुलूप घालून आली.

"काका, तुमची मोजपट्टी माझ्याकडेच राहिलेली. काकूंकडे दिलीये."

"बरं. रिक्षा मिळाली का?"

"मिळाली, पण माजिवड्यापर्यंतच येतो म्हणतोय."

"मग तिथून दुसरी कर."

"हो काका," ती म्हणाली, आणि लिफ्ट आली.