पलूसच्या उसातला वाकडा पट्टा

वडील फौजेत होते, त्यामुळं पलूसचं आमचं उसाचं रान आईनंच सांभाळलं. वडील रजा घ्यायचे ती ऊसतोडीच्या वेळी. बूट घालून सगळ्या रानाची पाहणी करायचे आणि ओढ्याकडच्या खुरट्या उसापाशी येऊन थांबायचे. “हितं तू पाणी नीट पाजत न्हाईस, जास्त पाज,” म्हणायचे. आई म्हणायची, ती जागाच वेगळी हाय. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, नाचता येईना अंगण वाकडं. मग आई पुढच्या वर्षी तिथं आणखी पाणी द्यायची आणि ऊस आणखी खुरटा निघायचा. गावानंही ‘बाईमाणसाची शेती’ म्हणून नाव ठेवलं. मला याचा फार राग यायचा.

वडील निवृत्त होऊन घरी आल्यावर एका उन्हाळ्यात मी शेतांचे नकाशे करायचं माझं नोकरीतलं काम पहिल्यांदाच घरच्या रानावर केलं. ठिकठिकाणची माती तपासून आणली, मागच्या हंगामांची उपग्रहानं टिपलेली चित्रं घेतली आणि सगळं संगणकाला दिलं. या रानाचे असे तुकडे पाड की एका तुकड्यातली माती शक्य तितकी सारखी असावी, पण तुकडा इतका बारकाही नको की त्याला वेगळं पाणी देता येणार नाही, एवढंच त्याला सांगितलं.

जेवणं झाल्यावर आम्ही तिघं बाहेरच्या सोप्यात पडद्याकडं बघत बसलो. संगणक एक रेघ ओढायचा, जरा सरकवायचा, आधीपेक्षा बरी वाटली तर ठेवायचा, नाहीतर पुसायचा. हे मी रोजच बघते, तरी त्या दुपारी अंगावर शहारा आला. बांधाला न जुमानता एक रेघ वाकडीतिकडी होत गेली आणि बरोबर त्या खुरट्या उसाला वळसा घालून थांबली. आमच्या घरातलं भांडण तर त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या पट्ट्यातली माती खारी निघाली होती. खाली पाण्याला निचरा नाही, म्हणून जितकं पाणी पाजावं तितका क्षार वर येतो, असं मी दोघांना समजावलं. आपल्या पायाखाली एवढं सगळं चाललेलं असतं आणि आपण वर माणसाला बोल लावत बसतो.

आई पडद्याजवळ सरकली. तिनं त्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

“आवं,” ती वडिलांना म्हणाली, “म्हंजी माझ्याकडनं काय चुकत न्हवतं व्हय?”

वडिलांनी चष्मा काढून हातात धरला.

“न्हाई,” ते म्हणाले. “हुकूम माझा हुता.”