टाकीबाहेरचा माणूस

‘एक तारखेपासून लस नाही तर गेटपास नाही’ ही आमच्या कारखान्याच्या गेटवरची नोटीस माझ्या हातची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मी सेफ्टी खात्यात आहे. नोटिसा लिहायच्या, त्यांच्याखाली लाल बाण काढायचे आणि कोणी वाचत नाही म्हणून चिडायचं, हे गेली वीस वर्षं माझं काम. ही नोटीस मात्र सगळ्यांनी वाचली. आणि ती लिहिणाऱ्याने स्वतः कोरोनाची लस घेतलेली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

मला सुईची भीती वाटते. शाळेत टोचायला आले होते तेव्हा मी वर्गाच्या खिडकीतून उडी मारून घरी पळालो होतो. आता दाढी पांढरी झाली, खिडकीतून उडी मारणं शोभत नाही, म्हणून मी कारणं काढत होतो. आज बीपी, उद्या पोट. कोणी घेतली, कोणी राहिलं याची यादी माझ्याच टेबलावर, तेव्हा माझ्या नावापुढची चौकट बघणार कोण? दिवसभर इतरांना लसीचे फायदे सांगायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिकडे कारखान्यात एकेक शास्त्रज्ञ तयार झाला होता. सालवडहून येणाऱ्या एका पोराने वर्कशॉपमधलं लोहचुंबक आणून लस घेतलेल्या फिटरच्या दंडाला लावलं. ते क्षणभर चिकटलं, आणि ‘देखो साब, चिपकता है’ म्हणत ही वरात माझ्या टेबलापर्यंत आली. मी तेच चुंबक लस न घेतलेल्या माणसाच्या, म्हणजे माझ्याच, घामट दंडाला लावलं. तेही चिकटलं. प्रयोग मी जिंकलो, पण माझी लस झालेली नाही हे सांगायची सोय नसल्याने जिंकलेलं बोलून दाखवता आलं नाही. गावांतून वेगळीच बातमी होती: लस घेतली की सहा महिने ताडी बंद. लस घेतलेला दोन दिवसांत मरतो ही अफवा लोक पचवू शकत होते, ही नाही.

हळूहळू सगळे तयार झाले. राहिला एक, सगळा कारखाना ज्याला मामा म्हणतो तो.

मामा समुद्रकाठच्या दांडी गावचा. बाप-आजा मच्छीमार, हा मात्र कारखान्यात आला आणि टाक्या साफ करण्यात मुरला. रसायनाची टाकी रिकामी केली, धुतली, आतली हवा तपासली, की वरच्या गोल तोंडातून, मॅनहोलमधून, कमरेला दोरी बांधून आत उतरायचं काम त्याचं. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलेलं. गेटपास गेला तर या वयात त्याला कोण कामावर घेणार होतं? बोटीवर पाय टाकला तर मळमळतं, असा हा कोळी.

महिन्याचे चार दिवस उरले तेव्हा मी त्याला बोलावून घेतलं.

“मामा, ताडीचं खोटं आहे,” मी म्हटलं.

“ताडी मी पीत नाय.”

“मग अडलंय कुठे?”

“सायेब, मी टाकीत उतरतो तेवा वर कोण उभा असतो?”

“एक माणूस असतो. दोरी धरून.”

“तो पानी प्यायला जातो? मुतायला?”

“जायचं नाही. आतला बाहेर येईपर्यंत जागचं हलायचं नाही.”

“तुमीच शिकवलंय. मग मी लस घेतली की दोन दिवस माज्या दारात कोण उभा राहनार? दोन दिवसांत काय व्हायचं ते होतं म्हनतात. मानूस द्या, मी घेतो.”

मी हसलो. त्याच्या गळी उतरवायचंच, तर त्याच्याच पद्धतीने, असं ठरवून टाकीत उतरायचं परमिट काढलं आणि त्याच्यासमोर भरलं. कामाचं स्वरूप: डाव्या दंडात सुई. धोका: ताप येण्याची शक्यता. हवेची तपासणी: लागू नाही. बाहेरचा माणूस: इथे मी माझं नाव लिहिलं आणि सही केली. मामाने चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, आणि मगच खाली सही केली. मला फार मजा वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दांडीच्या शाळेत शिबिर होतं. मामाने हूं की चूं केलं नाही. सिस्टरने माझ्याकडे बघून विचारलं, “काका, तुमचं झालं?”

“बोईसरला घेतली,” मी म्हटलं आणि उगाच चष्मा पुसला.

घरी आल्यावर मामा खाटेवर आडवा झाला आणि जाळ्याची नायलॉनची दोरी मागवली. एक टोक स्वतःच्या मनगटाला, दुसरं दारातून बाहेर ओट्यावर, माझ्या हातात. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे बाहेर काढा. टाकीतलीच खूण. मी दोरी धरून बसलो. समोर बोंबील सुकत होते, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारत होती की मामाने सायबाला बांधून का ठेवलाय. मामी आतून हसत होती. थोड्या थोड्या वेळाने दोरीला एक झटका येई. संध्याकाळी ताप चढला तरी येत राहिला. जेवण मामीने ओट्यावरच दिलं, झोपही तिथेच काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. कप संपला तरी झटका आला नाही. मी वाट पाहिली. मग मीच दोरी हलवली, ती सैल आली. कप तिथेच टाकून आत धावलो, दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. मामा कुशीवर वळून घोरत होता. ताप उतरला होता. दोरी मनगटातून सुटून खाली पडली होती.

मी तिथेच जमिनीवर बसलो. मामीने माझ्या कपाळावर चिमूटभर हळद दाबली.

“रातभर झोपले नवते,” ती म्हणाली. “मागल्या साली थोरल्या दिराला कोरोना झाला. गाडी घेऊन गेली. हास्पिटलच्या दारात कोनाला उभं राहू देत नवते. हे चार दिवस रस्त्यापलीकडं झाडाखाली बसून व्हते. आत काय चाललंय, काय नाय कळलं. पाचव्या दिवशी सांगितलं, भाऊ गेला.”

मला माझी लाज वाटली. मी ते परमिट चेष्टेने भरलं होतं. त्याने तसं वाचलं नव्हतं.

संध्याकाळी दोन दिवस पुरे झाले, तेव्हा मामाने स्वतः परमिट मागून घेतलं आणि ‘काम पूर्ण, माणूस सुखरूप बाहेर’ या ओळीपुढे सही केली. मग म्हणाला, “आता तुमचं भरा.”

“माझं झालंय, मामा.”

“सायेब, वीस वर्सं टाकीतून वर बघतो तेवा दोरीवाल्याच्या बाजूला तुमचंच तोंड दिसतं. खोटं बोलताना तुमी चष्मा पुसता. आता पन पुसताय.”

माझा हात खरोखरच चष्म्यावर होता.

“मला सुईची भीती वाटते,” मी म्हटलं. बायकोलासुद्धा हे सांगितलं नव्हतं.

“वाटूदे की. मला काय टाकीत वाटत नाय?”

तिसऱ्या दिवशी त्याने मला हाताला धरून बोईसरच्या केंद्रावर नेलं. सुई लागताना मी डोळे मिटले, आणि त्याने कारखान्यात ते कोणाला सांगितलं नाही. दुपारी मी माझ्या खोलीत तापाने पडलो होतो, तो दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर, दोरी आमच्यामध्ये. जा म्हटलं तरी गेला नाही. बायकोने आत येऊन बसा म्हटलं, तर म्हणे बाहेरच्या माणसाने बाहेरच बसायचं असतं.

माझा डोळा लागत होता तेवढ्यात मनगटाला झटका बसला. टाकीचा नियम असा की झटका आतल्याने द्यायचा. बाहेरच्याने दोरी धरून वाट बघायची. वीस वर्षांत मामाने नियम मोडलेला मी पाहिला नव्हता.

“काय झालं मामा?” मी विचारलं.

तो दाराआडून म्हणाला, “काय नाय. भाऊला इचारता आलं नवतं.”

मी दोरी एकदा ओढली.