संघमित्राताईची अर्धी गोष्ट

संघमित्रा ओव्हाळला काळजी करायला कारण लागत नाही. न्हावा शेव्यात एका कस्टम एजंटच्या कचेरीत ती कागदपत्रं बघते. कंटेनरचा नंबर ती तीनदा तपासते, मग शेजारच्याकडून एकदा वाचून घेते, आणि तरीही घरी परतताना कंपनीच्या बसमध्ये शंका येऊन कचेरीत फोन लावते. कचेरीतले लोक थट्टा करतात. पण तिच्या हातून आजवर एकही चुकीचा नंबर पुढे गेलेला नाही, त्यामुळे थट्टा थट्टेवरच राहते.

हीच बाई कॉलेजात असताना विद्यापीठाच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायची, हे सांगून कुणाला पटत नाही. आठवण होती ती तिच्याच कॉलेजातल्या विश्वजितला. तो तेव्हा चारशे मीटर पळायचा, आता जिना चढला तरी त्याला धाप लागते. त्यानं दोन वर्षांपूर्वी जुन्या खेळाडूंना गोळा केलं आणि कोपरखैरण्याच्या एका शाळेत शनिवारचा उपक्रम सुरू केला. सहावी ते आठवीची, अभ्यासात मागे पडलेली मुलं. एक तास मैदान, एक तास पुस्तक. प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला चौघं.

संघमित्राच्या चौघींत आठवीतली आफरीन होती. उरणकडच्या गावची. वडील गेल्यावर तिची आई करिमुन्निसा तिला घेऊन इकडे भावाच्या आसऱ्याला आली. वर्षभर घरात काढून मुलगी थेट सातवीत बसली. मैदानावर चपळ, बोलण्यात तरतरीत, धडा वाचायला सांगितला तर धडाधड वाचणार. आणि तरीही परीक्षेत मार खायची. बाकीचे विषय तोंडी परीक्षेच्या गुणांवर कसेबसे निघाले, विज्ञान राहिलं. जूनमध्ये पुनर्परीक्षा. त्यातही राहिली तर पुन्हा आठवीतच, आणि तसं झालं तर काय, हे करिमुन्निसानं शाळेच्या फाटकातच सांगून टाकलं होतं.

"परत त्याच वर्गात बसायची असंल तर माज्यासंगं तुर्भ्याला चल. मिरची निवडायला."

ती स्वतः तुर्भ्याला मसाल्याच्या गोदामात निवडणीला जायची. बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचीच संघमित्राला जास्त धास्ती वाटली.

तिनं मुलीला पंखाखाली घेतलं. मुलींना धीर यावा म्हणून ती एक गोष्ट नेहमी सांगायची. विद्यापीठाच्या उपांत्य सामन्यात तिचा गुडघा पिरगळला होता. सरांना कळलं तर बाहेर बसवतील म्हणून तिनं पट्टी आतून घट्ट बांधली, वर नी-कॅप चढवली आणि अंतिम सामन्याला उभी राहिली. "कुणाला पत्ता लागू दिला नाही. दुखतंय ते समोरच्याला दाखवायचं नाही, कळलं?" मुलींचे डोळे विस्फारायचे. गोष्ट तिथंच संपायची.

परीक्षा सोमवारी होती, त्याच्या आधीच्या शनिवारी मैदान रद्द करून तिनं आफरीनला वर्गात पुस्तक घेऊन बसवलं. "पेशीचा धडा वाच." मुलगी वाचायला लागली. पान उलटताना वाऱ्यानं दोन पानं एकदम उलटली. आफरीनला ते कळलं नाही. तिची नजर चौथ्या पानावर होती आणि तोंडून दुसरं पान बाहेर पडत होतं, शब्दन् शब्द बरोबर.

संघमित्रानं पानं मागे उलटून ताडून पाहिलं. तिनं पुस्तक बंद केलं. दोन शब्दांची एक ओळ फळ्यावर लिहून म्हणाली, "हे वाच." आफरीन एकेक अक्षर लावत राहिली. जोडाक्षरापाशी आली आणि थांबली ती थांबलीच.

"वाचता येत नाही तुला?"

"येतं. मराठी नाय येत." मग तिनं दप्तराच्या तळातून एक जाड वही काढली. पानंच्या पानं उर्दू अक्षरांनी भरलेली. गावात पाचवीपर्यंत ती उर्दू शाळेत होती. शाळेच्या दाखल्यावर तसं लिहिलेलंही होतं, पण दाखला कपाटात आणि मुलगी वर्गात. घरात बोली मराठीच, बोलायला अस्खलित, मग कोण कशाला विचारतंय? मैत्रीण धडा वाचायची, आफरीन तो मराठीच धडा उर्दू अक्षरांत उतरवून घ्यायची आणि घरी पाठ करायची. अख्खं विज्ञान त्या वहीत होतं. पेपरात प्रश्न उलटासुलटा आला की मात्र तिचं सगळं अडायचं, कारण प्रश्नच वाचता येत नव्हता.

"अगं, मुख्याध्यापिका शुभदाबाईंना सांगू या. त्या प्रश्न वाचून दाखवतील. शाळेचीच परीक्षा आहे."

"नाय!" आफरीननं वही छातीशी धरली. "सगळ्यांना कळंल. सातवीपासून मी खोटं वाचतेय म्हनतील. ताई, तुमी कुनाला नाय सांगायचं. तुमीच बोलल्या होत्या ना, दुखतंय ते दाखवायचं नाय?"

संघमित्रानं होकाराची मान डोलावली, आणि त्याचा पश्चात्ताप तिला शाळेच्या पायऱ्या उतरतानाच झाला.

रविवार तिनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. शुभदाबाईंचा नंबर फोनवर काढायचा आणि पुसायचा, असं सकाळपासून चाललेलं. सांगितलं तर पोरीचा विश्वास जाणार, न सांगितलं तर पोरीची शाळा. आणि दोन्हीकडे गुन्हेगार आपणच! गोष्ट आपण शिकवली, तीसुद्धा अर्धी. हे मनात आलं तशी ती ताटावरून उठली आणि चालतच आफरीनच्या घरी गेली.

आफरीन गॅलरीत कपडे वाळत घालत होती. घरात मामा-मामी होते, करिमुन्निसा बाजारात गेलेली. संघमित्रा गॅलरीतच उभी राहिली.

"माझ्या गुडघ्याची गोष्ट मी तुम्हाला पूर्ण सांगितलेली नाही."

आफरीननं चिमटा हातात धरला.

"शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढे होतो. समोरची चढाईला आली. घोटा पकडायला मी पुढे गेले आणि गुडघ्यानं दगा दिला. मी पडले, ती दोघींना शिवून परत गेली. आम्ही हरलो ते माझ्यामुळे. सर मला एवढंच म्हणाले, सांगितलं असतंस तर बाहेर दुसरी मुलगी तयार होती. त्यानंतर मी मैदानात उतरले नाही. उतरता आलंच नाही. हे मी कुणालाच सांगत नाही, कारण मला लाज वाटते. शूरपणाचं तेवढं सांगते."

आफरीननं चिमटा दोरीवर लावला. मग म्हणाली, "तुमी उद्या शाळेत येनार?"

"येणार."

"बरं." एवढंच म्हणून तिनं पुढचा कपडा उचलला. होकार की नकार, संघमित्राला कळेना. ती रात्रभर कूस बदलत राहिली.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती साडेआठलाच शाळेत पोचली. परीक्षा दहाची. साडेनऊला आफरीन आली, मागे करिमुन्निसा, कामावर जायच्या घाईत. मुलगी संघमित्राकडे न बघता सरळ शुभदाबाईंच्या खोलीत शिरली आणि वही टेबलावर ठेवली.

"बाई, मना मराठी वाचाया नाय येत. पन विज्ञान येतं. ह्यात हाय."

शुभदाबाईंनी वही उघडली, चष्मा वर केला, खाली केला. "यातलं मला काय कळणार?"

"हिकडं आना," करिमुन्निसा चिडून म्हणाली. "रोज बघते, शाळंचं सोडून हेच गिरवीत असते." ती गावच्या त्याच उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिनं वहीत बोट ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे सरकवत मोठ्यानं वाचायला लागली. "पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय टाकायचं ते हा पडदा ठरवतो..." तिचा आवाज हळू झाला. एक पान झालं, दुसरं झालं. शुभदाबाई पाठ्यपुस्तक उघडून ओळीवर पेन्सिल फिरवत होत्या. पेन्सिल कुठंच थांबली नाही.

"हे समदं तू लिवलंस?" करिमुन्निसानं विचारलं. आफरीननं मान डोलावली.

"चल," शुभदाबाई उठल्या. "प्रश्न मी वाचते, उत्तरं तू सांग. पुढचं मी बघते."

दार लागलं. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. संघमित्रा नखं खात होती; पाठ केलेलं वेळेवर आठवेल का, प्रश्न फिरवून विचारला तर समजेल का, पस्तीस मिळतील का. सव्वादहा झाले. तुर्भ्याची वेळ टळली होती, पण करिमुन्निसा उठली नाही. वही मांडीवर घेऊन ती वाचतच होती.

"भाभी," संघमित्राला राहवेना, "आणि नापास झाली तर?"

करिमुन्निसानं बोट ओळीवरून हलवलं नाही.

"तर परत बसंल आठवीत. तुर्भ्याला मी एकटीच जाईन."