मधुवंती आणि खवाईचे हत्ती

मधुवंती साटम आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहते. मी परदेशात, इथे सेम्बावांगला, राहायला आल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी लिफ्टमध्ये ती फोनवर लेकीला विचारत होती, "गॅस नीट बंद केलास ना?" मराठी कानावर पडताच मी हसले, तीही हसली. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. त्यातली पहिली दहा वर्षं मी तिच्या नवऱ्याला जेमतेम तीन-चारदा पाहिलं असेल.

प्रबोध जहाजावर चीफ इंजिनियर होता. पाच महिने समुद्रावर, दोन महिने घरी. मधुवंती नोव्हेनाला डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम करायची, अजूनही करते. पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना अर्धा तास गप्प बसवायचं, हे तिचं काम. लेक गार्गीची शाळा, तिच्या परीक्षा, डेंग्यू, किचनच्या छतातून गळणारं पाणी, हे सगळं तिनं एकटीनं निभावलं. भिंतीत ड्रिल मारायलाही शिकली. शेजारच्या चिनी आंटीला तर कित्येक दिवस वाटत होतं की हिला नवराच नाही.

तक्रार करणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिला गप्पा आवडायच्या, पण स्वतःबद्दल फार कमी बोलायची. मात्र एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ लागली. बायोप्सी झाली त्या दिवशी मी बरोबर होते. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं प्रबोधला फोन लावला. त्याचं जहाज ब्राझीलकडे निघालं होतं आणि लाइन सारखी तुटत होती. काखेपाशी पट्टी होती, हात उचलवत नव्हता म्हणून तिनं फोन स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, "अहो, गाठ निघालीय. आज तुकडा काढून तपासायला दिलाय. मला भीती वाटतेय."

पलीकडून आवाज आला, "बरं, बरं. छान. जेवलीस का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग फोनवर म्हणाली, "जेवते आता," आणि तो ठेवून दिला. उठली, तांदूळ धुवायला घेतले. आठवड्यानं रिपोर्ट आला, गाठ साधी होती. तिनं तो विषय पुन्हा प्रबोधपाशी काढला नाही. त्यानंही कधी विचारलं नाही. मी मात्र त्या माणसाचा मनातून फार राग राग केला.

दोन वर्षांपूर्वी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, प्रबोध रिटायर होऊन घरी आला. गार्गी तोवर नोकरीसाठी मेलबर्नला गेली होती. तो खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचा, टीव्हीवर सबटायटल लावून सिनेमे बघायचा. मधुवंती स्वयंपाकघरातून काही विचारायची, त्याचं उत्तर यायचं नाही. सकाळी जेट्टीपर्यंत चालताना ती मला एकदा म्हणाली, "घरात माणूस वाढलं गं कादंबरी, पण बोलणं नाही वाढलं."

आणि मग एके दिवशी त्यानं जेवणाच्या टेबलावर आफ्रिकेचा नकाशा पसरला. तो म्हणाला, "नामिबियाच्या वॉल्विस बे बंदरात वीस-बावीस वेळा जाऊन आलोय मी. क्रेनच्या पलीकडे लांब वाळवंट दिसायचं. गेटच्या बाहेर पाऊल टाकायला कधी वेळ मिळाला नाही. येतेस?"

नामिबियात गाडी घ्यायची, एटोशाच्या जंगलात प्राणी बघायचे, तिथून पूर्वेकडे बोत्स्वानात उतरायचं, तीन आठवड्यांनी परत. गाडीच्या टपावर तंबू, मागे गॅस आणि फ्रीज. फोनवर गार्गी इथल्या इंग्रजीत ओरडलीच, "मम्मी, जस्ट गो लाह!"

मधुवंतीला मी इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण नोकरी किंवा तिसरं माणूस मध्ये नाही असे सलग एकवीस दिवस त्यांना कधी मिळालेच नव्हते. नंतर तिनं मला सांगितलं, "काय काय बोलायचं, ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. गाठीचंसुद्धा. तिथे गाडीत दोघंच असणार. कुठे जाणार पळून?"

ऑगस्टमध्ये ते गेले.

पहिल्याच दिवशी चारशे किलोमीटरचा खडीचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, मध्येच एखादं बाभळीसारखं झाड, त्यावर सुगरणींची भलीमोठी घरटी. प्रबोध गाडी चालवत होता. मधुवंती बोलू लागली. गार्गीच्या नव्या मित्राबद्दल, दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरबद्दल. तो रस्त्यावर नजर ठेवून मान हलवत होता. पंधरा-वीस मिनिटांनी तिनं मुद्दामच विचारलं, "गार्गीच्या मित्राचं नाव काय सांगितलं मी?" त्यानं मान हलवली. ती गप्प झाली. पुढचे अडीचशे किलोमीटर गाडीत टायरखालच्या खडीशिवाय कसलाही आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी ते एटोशात पोचले. तिथली पद्धत अशी की पाणवठ्यापाशी गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि वाट बघत बसायचं. बोलायचं नाही, उतरायचं नाही. आणि तिथे प्रबोध एकदम वेगळाच माणूस झाला. त्याची नजर विलक्षण तेज. तो हिच्या दंडाला बोट लावायचा आणि समोर दाखवायचा. तिला नुसता दगड दिसायचा. दोन मिनिटांनी तो दगड उठून चालू लागायचा, सिंहीण असायची. झेब्र्यांची रांग, पाण्यापाशी पाय फाकवून वाकणारा जिराफ, काठावर घुटमळणारं तरस, सगळं त्याला आधी दिसायचं. चार-चार तास ती दोघं अशी बसायची. तो थर्मासमधला चहा ओतून तिच्या हातात द्यायचा.

ती म्हणाली, "तेवढे तास बरे जायचे. सगळेच गप्प असायचे ना तिथे. मग संध्याकाळी कॅम्पवर यायचो, शेजारच्या टेबलावर एक जर्मन म्हातारा-म्हातारी हसत-खिदळत जेवायची, आणि आमच्या टेबलावर ताटांचा आवाज."

एका पहाटे तंबूत ती दचकून जागी झाली. जवळच कुठेतरी सिंह डरकाळ्या फोडत होता. छातीत कुणीतरी ढोल वाजवावा तसा तो आवाज. तिनं प्रबोधचा हात घट्ट धरला. तो जागाच होता, बाहेरच्या उजेडाकडे बघत पडला होता. वळून म्हणाला, "काय झालं? थंडी वाजतेय?" तिनं हात सोडला. तिला वाटलं, आपली भीतीसुद्धा या माणसाला दिसत नाही. बाराव्या दिवसापर्यंत तिनं बोलायचा प्रयत्न सोडून दिला होता. तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "सेम्बावांगच्या घरात एकटी असताना मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तिथे निदान वाट बघायला कुणीतरी होतं."

पंधराव्या दिवशी ते बोत्स्वानात खवाई नावाच्या नदीकाठच्या जंगलात होते. रस्ता म्हणजे भुसभुशीत वाळूतल्या दोन चाकोऱ्या. दुपारी तीनच्या सुमाराला गाडीची मागची चाकं रुतली. रेस दिली तशी आणखी खाली गेली. प्रबोधनं चारही बाजूंना नीट पाहिलं, काही दिसलं नाही. टायरमधली थोडी हवा सोडली की गाडी निघते, हे त्याला माहीत होतं. तो उतरला, फावड्यानं वाळू उकरली आणि मागच्या चाकाशी गुडघ्यांवर बसला.

मधुवंती आत होती. तिला डाव्या बाजूच्या झुडपांतून काड्कन फांदी मोडल्याचा आवाज आला. मग आणखी एक. मग पोटातून यावी तशी खोल घरघर. पानांच्या मागे करडी भिंत सरकली. हत्ती होते. चार, पाच, आणि मध्ये एक पिल्लू.

ती खिडकीतून दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, आत या."

प्रबोधची पाठ तिच्याकडे होती. तो हवा सोडत राहिला.

"अहो! हत्ती!"

फांद्या आता इतक्या जवळ मोडत होत्या की कुणालाही कळावं. प्रबोध शांतपणे खिशातून रुमाल काढून कपाळ पुसत होता. मोठ्यानं ओरडावं तर पिल्लाची आई बिथरणार. मधुवंतीनं दार उघडलं. वाळूत पाय घोट्यापर्यंत बुडत होते. गाडीच्या कडेनं वाकून ती मागे गेली आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं वर पाहिलं. तिनं तोंडातून शब्द काढला नाही, फक्त ओठ हलवले. त्याला लगेच समजलं.

दोघं सरपटत आत शिरली. दार ओढून घेतलं तेवढ्यात पिल्लाची आई बाहेर आली. कान सुपासारखे पसरून तिनं चीत्कार केला आणि धूळ उडवत धावून आली. दहा-बारा पावलांवर थांबली. डोकं हलवलं, सोंड आपटली, आणि वळून पिल्लाला घेऊन नदीकडे निघून गेली. मागून बाकीचे गेले.

धूळ खाली बसली. मग प्रबोध तिच्याकडे पूर्ण वळून बसला.

"ती हत्तीण शेवटी ओरडली ना, ते ऐकलं मी," तो म्हणाला. "त्याच्या आधीचं काहीच नाही. मधू, मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली."

पंचवीस वर्षं इंजिन-रूममध्ये काढल्यावर त्याचे कान हळूहळू गेले होते. दरवेळी जहाजावर चढण्याआधी कानांची तपासणी व्हायची. तो काचेच्या खोलीत बसून तपासणाऱ्याचं प्रतिबिंब बघायचा आणि त्याचा हात हलला की आवाज ऐकू आल्याचं बटण दाबायचा. कळलं असतं तर नोकरी गेली असती. जहाजावर सगळे तसेही ओरडून, नाहीतर हातवारे करून बोलतात, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. फक्त मेसमध्ये जेवताना गप्पा समजायच्या नाहीत, म्हणून तो ताट घेऊन केबिनमध्ये जायचा. समोरच्याचे ओठ दिसले की अर्धंमुर्धं कळायचं.

"आणि फोनवर?" मधुवंतीनं विचारलं.

"फोनवर तुझा आवाज आहे एवढं कळायचं. शब्द नाहीत. तू थांबलीस की मी 'बरं' म्हणायचो."

"मला नाही सांगितलंत?"

"आधी नोकरीसाठी लपवलं. मग इतकी वर्षं तुझ्याशीही खोटं वागलो होतो की सांगायची लाज वाटायला लागली."

तेव्हा तिनं गाठीचं सांगितलं. त्याच्याकडे तोंड करून, सावकाश. तो तिच्या ओठांकडे बघत होता. ऐकून झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "बरोबर कोण होतं?"

"कादंबरी."

त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली. थोड्या वेळानं उरलेल्या टायरमधली हवा सोडायला उतरला. मधुवंतीही उतरली, आणि तो काम करत असेपर्यंत झुडपांकडे कान लावून उभी राहिली. उरलेले सहा दिवस तीच गाडी चालवत होती, म्हणजे त्याला वळून तिच्याकडे बघत बसता येईल.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात नोव्हेनाला जाऊन त्यानं कानाची मशीन घेतली. पहिल्या दिवशी पंखा, फ्रीज, वरच्या मजल्यावरची खुर्ची, सगळ्यांनी तो हैराण झाला. सकाळी खिडकीबाहेर कोकीळ ओरडत होता. तो म्हणाला, "हा रोज असा ओरडतो?" ती म्हणाली, "आपण राहायला आल्यापासून."

त्याच दिवशी संध्याकाळी तो माझ्या दाराशी आला. आत या म्हटलं तरी आला नाही. जिन्यापाशी उभा राहून म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही होतात. मी नव्हतो." मला वाटलं आणखी काही बोलेल. पण त्यानं हात जोडले आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर गेला. इतकी वर्षं मनात ठेवलेला राग मी कुठे ठेवावा, मला कळेना.

मधुवंतीचं तर त्याहून अवघड झालं. आता तिला वाटेल ते बोलता येतं, त्याला ऐकू येतं. तो समोर बसतो, "बोल," म्हणतो. आणि तिला काही सुचत नाही. चालताना मला म्हणाली, "माझ्याकडे दुर्लक्ष करणारा एक नवरा होता, त्याच्याशी मी मनातल्या मनात रोज भांडायचे. तो माणूस कधी नव्हताच म्हणे. मग मी इतकी वर्षं कुणाबरोबर काढली?" आणि ती झपझप पुढे चालू लागली.

पण प्रबोधनं सोडलेलं नाही. रविवारी तो तिला ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर घेऊन जातो. लांब उभ्या असलेल्या जहाजांकडे पाठ करून दोघं बाकावर बसतात आणि तो तिला एक-एक वर्ष विचारतो. गार्गी पाच वर्षांची होती ते वर्ष. तिला डेंग्यू झाला ते वर्ष. हॉस्पिटलमध्ये कोण थांबलं, कामावर काय सांगितलंस, तू कधी झोपलीस. ती सांगू लागते. तिला वाटतं, आपण दुसऱ्याच कुणा बाईची हकीकत सांगतोय. कधी दहा मिनिटं बोलते, कधी मध्येच, "पुढचं आठवत नाही," म्हणते आणि मागे वळून समुद्राकडे बघत राहते. तो घाई करत नाही. उन्हं कलली की दोघं उठतात, बसनं घरी येतात, आणि वाटेत फारसं बोलत नाहीत.

गेल्या रविवारी गार्गी शाळेत चौथीत होती त्या वर्षापर्यंत ते आले होते.