राखीव पाणी

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, "कांबळेकाका गेले." खरं सांगतो, दुःखाच्या आधी मला भीतीच वाटली... आता बोअर कोण सांभाळणार?

काका सरकारी पाणी-प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. येरवड्यात वाढले आणि उतारवयात हडपसरला, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायला आले. आजूबाजूला आयटी कंपन्या उभ्या राहत होत्या. तिथे नोकऱ्या करणारे आम्ही बोअरच्या पाण्याने नव्या गाड्या धुवायचो. काकांनी एक दिवस पंपाला कुलूपच घातलं. "अहो सेक्रेटरी, नळ कोरडा पडेल त्या दिवसासाठी आहे हे. आपल्या गाडीच्या आंघोळीसाठी नाही!"

पुढे मोठी जलवाहिनी फुटली आणि नळ बंद झाले. काका मुलीकडे गेले होते. मी कुलूप तोडलं आणि बोअर टाकीला जोडली. तीन दिवस सगळी इमारत ते पाणी प्यायली, माझी तेव्हा दोन वर्षांची असलेली सईसुद्धा. काका परतले ते ओरडले नाहीत. पाणी न तपासता प्यायल्याचं कळल्यावर त्यांनी आमच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये चाचणीचा हिरवा रंग ओतला. दुसऱ्या दिवशी बोअरचा नळ सोडला, तर बादलीत हिरवट पाणी! म्हणजे ड्रेनेजचं पाणी बोअरमध्ये झिरपत होतं. काका एवढंच म्हणाले, "बघा. आपलंच आहे." त्या आठवड्यात सईला जुलाब झाले, सलाइन लावावं लागलं. ती बरी झाली, माझी धास्ती मात्र गेली नाही.

चेंबर नव्याने बांधला, पाण्याचा तपासणी अहवाल चांगला आला, तरी काका महिनाभर बोअर उघडू देईनात. आम्ही त्यांना हट्टी म्हणालो. परवा काकूंना भेटायला गेलो तेव्हा कारण कळलं.

"महिनाभर ते पाणी एकटेच प्यायचे हो. मलाही देत नव्हते. म्हणायचे, अहवालावर विश्वास आहे माझा, पण वर लहान मुलं राहतात."

काका हृदयविकाराने गेले, बोअरशी त्याचा काही संबंध नाही. तरी मी डॉक्टरांना दोनदा विचारलं...

पुढच्या गुरुवारी नळ बंद राहणार आहे. बोअरचं पाणी मी तपासून घेतलं, चांगलं आहे. आज सई शाळेत गेल्यावर एक फुलपात्र भरलं. प्यायलो. गुरुवारपर्यंत मी एकटाच पिणार आहे. मग सई.